सात नंबरचा चिमटा

एका जंगलात एक अस्वल होतं, अस्वलाच्या गुहेला एक माळा होता आणि माळ्यावर एक विमान होतं.

गुहेला माळा कसा, असं ज्या मुलाला विचारायचं असेल त्याने आधी आपल्या घरच्या माळ्यावर काय काय आहे ते बघून यावं. मग बोलू.

अस्वलाचं नाव नरहरपंत. ते जंगलाच्या मध खात्यात होते. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांची पोळी तपासली, स्वतः थेंबही चाखला नाही. असं ते सांगायचे. त्यांचं पोट वेगळं सांगायचं.

निवृत्त होऊन चौथा दिवस उजाडला तेव्हा त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या, "अहो, माझ्या डब्यांची झाकणं किती वेळा उघडून तपासणार? निवृत्त झालात ना? जा, माळा आवरा."

नरहरपंत माळ्यावर चढले. दोन तडकलेल्या बरण्या. एक पाळणा. खात्याने दिलेली सन्मानचिन्हं, एकात एक बसणारी. आणि सगळ्यांत मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं, त्यांचं विमान.

आत बसायचं विमान नव्हे रे. खाली उभं राहून उडवायचं विमान. अस्वलाच्या हाताएवढं लांब, हलक्या लाकडाचं, वर पातळ कागद चिकटवलेलं. त्याचं नाव टिटवी. शेजारी त्याचा रिमोट. आताच्यासारखा मुठीत मावणारा नव्हे. जेवणाच्या डब्याएवढा, दोन दांड्यांचा, आणि ओढत गेलं की ओढतच जावं असं लांबलचक एरियल असलेला.

नरहरपंतांनी रिमोट उचलून उजेडात धरला.

एरियलला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा लावलेला होता. त्याच्यावर लाल रंगात आकडा होता. सात.

"अगं!" ते वरून ओरडले. "घात झाला!"

"घूस आहे का?"

"घूस नाही! चिमटा!"

"चिमटा? टाका खाली. दोरीवर कमीच पडतायत."

आता चिमट्याचं सांगतो, नाहीतर तुम्ही यमुनाबाईंच्या बाजूने जाल.

त्या काळी रिमोटना नंबर असायचे. एक ते बारा. पाच नंबरचं विमान पाच नंबरच्या रिमोटचं ऐकायचं. अडचण एकच होती. दोघांनी एकाच नंबरचे रिमोट एकाच वेळी चालू केले, की विमानांना कळेनासं व्हायचं, नक्की कोणाचं ऐकायचं. मग ती कोणाचंच ऐकायची नाहीत. नाक खाली करायची आणि जमिनीत घुसायची. दोन्ही.

म्हणून माळरानावर एक लाकडी फळा उभा केलेला होता. फळ्यावर बारा खिळे, खिळ्यांना बारा चिमटे. ज्याला उडवायचंय त्याने आपल्या नंबरचा चिमटा घ्यायचा आणि एरियलला लावायचा. उडवायचं. विमान उतरलं की चिमटा परत खिळ्यावर. तिथून पुढच्याने घ्यायचा. या हातातून त्या हातात चिमटा द्यायचा नाही, कारण हातोहात गेलेल्या वस्तूचं काय होतं ते जंगलात सगळ्यांना माहीत होतं. आणि चिमटा नसेल तर रिमोट चालू करायचा नाही. मग तुम्ही ससा असा नाहीतर सिंह.

सिंह स्वतः पाळायचा असा जंगलातला हा एकच नियम होता. कारण सगळ्यांत महाग विमान सिंहाचं होतं.

तर बावीस वर्षांपूर्वी, अशाच एका सकाळी, नरहरपंतांनी टिटवी उतरवली. इतक्यात शेजारचं सांबर धापा टाकत आलं. "पंत, चला! पिल्लू झालं!" नरहरपंतांनी रिमोट काखेत मारला, विमान डोक्यावर घेतलं आणि धूम ठोकली. मागे सात नंबरसाठी कोणीतरी रांगेत होतं. त्याच्याकडे न बघताच ते ओरडले होते, "पाच मिनिटं! आत्ता येतो!"

मग पिल्लाचं बारसं झालं. मग बढती झाली. मग बदली झाली, पलीकडच्या खोऱ्यात. पिल्लू मोठं झालं आणि दुसऱ्या जंगलात नोकरीला गेलं, आणि पंत निवृत्त होऊन परत आले. पाच मिनिटांची बावीस वर्षं अशीच होतात. तुमचे बाबा सांगतील.

"अगं, बावीस वर्षं सात नंबर बंद असणार माझ्यामुळे," नरहरपंत खाली येऊन म्हणाले.

"कोणी मागायला आलं का?"

"नाही."

"मग त्यांना नको असेल."

"असं कसं? माझ्यामागे रांगेत कोणीतरी होतं. मला आठवतंय. कोणीतरी बुटकं होतं."

"बुटकं होतं तर आता मोठं झालं असेल," यमुनाबाई म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला लागल्या.

पण नरहरपंतांच्या मनात आता दोन गोष्टी शिरल्या होत्या. एक, चिमटा परत करायचा. दोन, परत करायच्या आधी टिटवी एकदा, फक्त एकदा, उडवायची. कोणती पहिली शिरली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

टिटवीची दशा वाईट होती. सेल फुटून हिरवे झाले होते. ते मुंगसाच्या दुकानात घेऊन गेले तर मुंगूस म्हणालं, "पंत, हे मी विकत नाही. हे मी काचेच्या कपाटात ठेवतो." शेवटी नवेच सेल तारेने बांधून बसवले. इंजिन तर हलेचना. त्या इंधनात एरंडेल घालायचे, आणि बावीस वर्षांत ते सुकून डिंक झालं होतं. एरंडेलाने जगाचं सुटतं. नरहरपंतांचं इंजिन एरंडेलाने आवळलं होतं.

यमुनाबाईंनी ते बघितलं, इंजिन भाताच्या पातेल्यात टाकलं आणि उकळलं. अर्ध्या तासात ते गरगर फिरायला लागलं. त्या दिवशीच्या भाताबद्दल आपण बोलणार नाही.

मग चाचणी. एरियल मिटून रिमोट घेऊन तीस पावलं लांब जायचं, तिथून दांडी हलवायची, आणि विमानाशेजारी उभ्या असलेल्याने शेपटीचं पातं हलतंय का ते सांगायचं. पूर्वी हे केल्याशिवाय कोणी उडवत नसे. यमुनाबाई विमानापाशी उभ्या राहिल्या.

"हलली का?" तीस पावलांवरून नरहरपंत.

"हलली!"

"कुठे?"

"डावीकडे!"

"मी उजवीकडे केलं होतं!"

"अहो, तुम्ही माझ्याकडे तोंड करून उभे आहात! तुमचं उजवं ते माझं डावं!"

"अगं, विमानाचं डावं विचारतोय!"

"मग विमानालाच विचारा!"

चाचणी यशस्वी झाली.

रविवारी दोघं माळरानावर गेले. नरहरपंतांच्या डोक्यावर टिटवी, काखेत रिमोट, खिशात चिमटा. यमुनाबाईंच्या हातात डबा.

माळरान ओळखू येईना. शेजारचं तळं तेवढं होतं तिथे होतं. फळ्यावर आता छप्पर होतं. छपरावर कळस होता. समोर घंटा होती. अकरा चिमट्यांना शेंदूर फासलेला होता, आणि सातव्या जागी नुसता खिळा होता. त्याला चांदीचा वर्ख लावलेला होता. बाजूला तारेवर हजारभर चिमटे लटकत होते, नवसाचे.

फळ्यासमोर जमिनीवर दगडी कासव होतं, देवळात असतं तसं. पाठीवर हळदकुंकवाचा थर. शेजारी निर्माल्याचा ढीग.

वानरांचे घोळके येत होते. येणारा घंटा वाजवायचा, कासवाच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि मग पिशवीतून विमान काढायचा. विमान कसलं, चार पंख्यांचा पाट. बटण दाबलं की तो आपला आपण वर जायचा, वरून मालकाचा फोटो काढायचा आणि आपला आपण खाली यायचा. मालकाला काम एकच होतं. वर बघून हसायचं.

नरहरपंतांनी एका वानराला विचारलं, "काय हो, हे कधी पडत नाही?"

"छे! पडायची सोयच नाही."

"आणि चालवायची?"

"चालवायची कशाला? ते चालतं की."

"मग तुम्ही इथे कशाला येता?"

वानराला हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. त्याने थोडा वेळ विचार केला आणि आणखी एक फोटो काढला.

नरहरपंत फळ्यापाशी गेले. रिकामा खिळा बघून त्यांनी खिशातला चिमटा चाचपला. त्यांनी कासवाला नमस्कार करायला हात लावला.

कासवाने एक डोळा उघडला.

"नरहरपंत," कासव म्हणालं, "झालं का तुमचं?"

नरहरपंतांच्या हातून टिटवी पडता पडता वाचली. ते दगडी कासव नव्हतं. ते केरोबा कासव होतं. बुटकं. रांगेत मागे उभं असलेलं.

"केरोबा! तुम्ही इथेच?"

"पाच मिनिटं म्हणालात ना."

"अहो, कोणाला सांगायचं तरी!"

"सांगितलं की. पहिल्या वर्षी रोज सांगत होतो. दुसऱ्या वर्षी कोणीतरी पाठीवर फूल ठेवलं. नको म्हणालो, तर बोलणारं कासव म्हणून आणखी चार जण आले. 'मला सात नंबर हवाय' म्हटलं, तर सात प्रदक्षिणा घालायला लागले. मग गप्प बसलो. बोललं की गर्दी वाढते."

नरहरपंतांना कुठे बघावं कळेना. "तसाच चालू करायचा होता रिमोट. मी इथे नव्हतोच."

"आणि तुम्ही पलीकडच्या खोऱ्यात चालू केला असता तर? तुमची टिटवी पडली असती." केरोबांनी मान थोडी बाहेर काढली. "चिमटा तुमच्याकडे होता, पंत. म्हणजे पाळी तुमची होती."

यमुनाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग डबा खाली ठेवला, कारण हे लवकर आटोपणार नव्हतं.

नरहरपंतांनी खिशातून चिमटा काढला.

त्याच क्षणी मागे कोणाचा तरी पाट धप्पकन पडला. म्हणजे तो पडू शकत होता. वानराने तो हातात घेतला होता आणि हातातूनच सोडला होता. "सातवा!" ते किंचाळलं. "सातवा चिमटा प्रकट झाला!"

बघता बघता माळरान भरलं. भोंगा आला. भोंग्यामागून मंडळाचे अध्यक्ष आले, मयूरेशभाऊ मोर. उडण्याच्या मंडळाचा अध्यक्ष पक्षी असावा अशी घटना होती. मयूरेशभाऊ फार उडायचे नाहीत, पण उडाल्यासारखे दिसायचे.

"भाऊ, प्रकट वगैरे काही नाही," नरहरपंत म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी मीच हा चुकून घरी नेला. माझी चूक आहे."

"ऐकलंत?" मयूरेशभाऊ भोंग्यातून म्हणाले. "काय हा विनय!"

"विनय नाही, गाढवपणा आहे!"

"आणि वर हे!" भाऊंनी डोळे पुसले. "शाल आणा!"

शाल आली. नारळ आला. चिमट्यासाठी चांदीची डबी करायचं ठरलं. डबीला कुलूप, कुलपाला किल्ली, किल्लीला उपसमिती.

"चिमटा केरोबांना हवाय," नरहरपंतांनी शालीतून तोंड बाहेर काढून सांगितलं. "त्यांची पाळी आहे. त्यांना विमान उडवायचंय."

"चिमटा वापरायचा?" मयूरेशभाऊंचा पिसारा अर्धा मिटला. "पंत, ती वापरायची वस्तू आहे का?"

"मग कशाची आहे?"

"दर्शनाची! आणि कासव उठलं तर लोकांनी हात कशाला लावायचा? उद्या म्हणाल घंटा घरी न्या."

केरोबांनी हळूच डोळा मिटला. बावीस वर्षांत डोळा मिटायला ते चांगलंच शिकले होते. नरहरपंतांनी ते बघितलं, आणि मध खात्यात आयुष्य घालवलेला प्राणी त्यांच्यात जागा झाला. खरं बोलून अर्ज पुढे सरकत नाही हे त्यांना एकदम आठवलं.

"भाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला विधी माहीत नाही वाटतं."

"कसला विधी?"

"सातवा चिमटा आला की करायचा. उड्डाणविधी. कासवाने चिमटा हाती घ्यायचा असतो, आणि कागदाचा पक्षी आकाशात जायचा असतो. नाही केला तर..." आणि ते नुसतेच थांबले.

"जुना आहे विधी?"

"फार."

"गर्दी जमते?"

"जमलीच आहे."

"मग हे आधी नाही का सांगायचं!" मयूरेशभाऊंचा पिसारा पूर्ण उघडला.

पण खरी अडचण पुढेच होती. केरोबांनी निर्माल्याचा ढीग पायाने बाजूला केला. खाली त्यांचं विमान होतं. म्हणजे वाळवीने जे ठेवलं होतं ते होतं. दोन चाकं आणि एक खिळा. रिमोटचं नुसतं खोकं उरलं होतं, त्यात मुंग्या राहत होत्या.

केरोबा विमानाकडे बघत राहिले.

नरहरपंतांनी टिटवी छातीशी धरली. एकदाच उडवायची होती त्यांना. भाताच्या पातेल्यात इंजिन उकळलं होतं. रात्री जागून पंखांना नवा कागद लावला होता. आणि केरोबा बावीस वर्षांनी पहिल्यांदा दांडीला हात लावणार. पडणार. नक्की पडणार.

त्यांनी यमुनाबाईंकडे बघितलं. यमुनाबाई दुसरीकडेच बघत होत्या. बायका असं दुसरीकडे बघतात तेव्हा नवऱ्याला काय करायचं ते कळतं.

"केरोबा," नरहरपंत म्हणाले, "टिटवी घ्या. तीही सात नंबरचीच आहे."

"तुमची?"

"आता पाळी तुमची. मी तुमच्यामागे."

केरोबांच्या मानेची एक सुरकुती हलली. "आधी खिळ्यावर लावा," ते म्हणाले. "हातोहात नको."

मग नरहरपंतांनी सगळ्यांसमोर सातवा चिमटा वर्ख लावलेल्या खिळ्यावर लावला. केरोबा उठले. पाठीवरचा हळदकुंकवाचा थर तडकला आणि ढपलीढपलीने खाली पडला. लोकांनी ढपल्या गोळा केल्या. केरोबांनी दोन पायांवर उभं राहून खिळ्यावरचा चिमटा काढला आणि रिमोटच्या एरियलला लावला.

तीस पावलांची चाचणी झाली. रिमोटपाशी केरोबा, विमानापाशी यमुनाबाई.

"हलली का?"

"हलली!"

"हलली!" सगळं माळरान ओरडलं. भोंग्यातून मयूरेशभाऊंनी ते तीनदा म्हणवून घेतलं. हात जोडून.

नरहरपंतांनी बोटाने पंखा फिरवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनने त्यांचं बोट चावलं आणि ते सुरू झालं. असा आवाज त्या माळरानावर कित्येक वर्षांत झाला नव्हता. एरंडेलाचा धूर पसरला. दोन म्हातारी सांबरं डोळे मिटून तो धूर हुंगत उभी राहिली.

टिटवी धावली, उसळली, खाली आली, पुन्हा उसळली आणि सुटली.

मुलांनो, ती वर गेली. वाकडी गेली, डुलत गेली, पण गेली. केरोबांचे पाय दांड्यांवर होते आणि डोळे आभाळात होते, आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. टिटवी तळ्यावरून वळली. तिची सावली पाण्यावरून सरकली. आणि मग ती तोंड करून सगळ्यांच्या दिशेने यायला लागली.

इथेच भले भले फसतात. विमान आपल्याकडे यायला लागलं, की त्याचं डावं आपलं उजवं होतं. यमुनाबाईंना विचारा. केरोबांनी डावीकडे केलं, टिटवी उजवीकडे पडायला लागली. आणखी डावीकडे केलं, आणखी पडायला लागली. खाली बरोबर मयूरेशभाऊ होते.

"जो पंख खाली जाईल त्याच्याकडे दांडी!" नरहरपंत ओरडले. "पंखाला टेकू दिल्यासारखी!"

केरोबांनी दांडी फिरवली. टिटवी मयूरेशभाऊंच्या तुऱ्याला चाटून वर गेली. आणि त्या दिवशी जंगलाने एक नवल बघितलं. मयूरेशभाऊ उडाले. थेट कळसावर जाऊन बसले.

टिटवी उतरली. एक चाक निसटलं, पण ते आधीपासूनच निसटायच्या विचारात होतं. बाकी सगळं शाबूत.

एका वानराने विचारलं, "याने फोटो काढला का?"

"नाही," नरहरपंत म्हणाले.

"मग हे उडालं त्याला पुरावा काय?"

त्यावर वाद सुरू झाला आणि गर्दी तो वाद घालत घालत पांगली.

केरोबा रडत होते की त्यांच्या डोळ्यांत हळद गेली होती, ते सांगता येत नाही. त्यांनी एरियलचा चिमटा काढला आणि आपल्या पाठीच्या कडेला लावला, हात मोकळे राहावेत म्हणून. रिमोट दोन्ही हातांनी नरहरपंतांना परत दिला.

"पंत, जगलो."

"आता माझी पाळी," नरहरपंत म्हणाले. त्यांनी टिटवीत इंधन भरायला घेतलंसुद्धा होतं. "चिमटा लावा खिळ्यावर."

"लावतो तर." केरोबांनी पाठ खाजवायचा प्रयत्न केला. पाय पोचला नाही. "फक्त जरा अंग धुऊन घेतो. बावीस वर्षं आंघोळ नाही हो. हळदीने नुसती आग होतेय."

आणि ते तळ्यात शिरले. पाठीच्या कडेला चिमटा तसाच.

"अहो केरोबा! चिमटा!"

केरोबांनी पाण्यातून मान वर काढली. चेहऱ्यावर असं सुख होतं की नरहरपंतांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"पाच मिनिटं!" केरोबा म्हणाले. "आत्ता येतो!"

मान खाली गेली. एक बुडबुडा आला.

नरहरपंत फळ्यासमोर, केरोबांच्या रिकाम्या जागी बसले. जागा अजून ऊबदार होती.

दुपार झाली. यमुनाबाईंनी डबा उघडला, दोघांनी खाल्लं. ऊन उतरलं.

"अहो," यमुनाबाई म्हणाल्या, "रिमोट तुमच्या हातात. विमान तुमच्या हातात. सात नंबरचा दुसरा रिमोट या जंगलात उरलाय का? त्यात तर मुंग्या राहतात. मग उडवा की! कोणाचं काय पडणार आहे?"

नरहरपंतांनी विचार केला. तिचं सगळं बरोबर होतं. त्यात एकही फट नव्हती.

"पण चिमटा?" ते म्हणाले.

यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला, डबा उचलला आणि त्या घरी गेल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं ते त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खारीने नरहरपंतांच्या पायाशी फूल ठेवलं. ते म्हणाले, "अगं बाई, मी फक्त सात नंबरची वाट बघतोय." खारीने लगेच सात प्रदक्षिणा घातल्या. मंगळवारी कोणीतरी कपाळाला कुंकू लावलं. गुरुवारी मयूरेशभाऊ कळसावरून खाली उतरले आणि त्यांनी भोंग्यातून सांगितलं की कासव गेलं त्याचं दुःख कोणी करू नये, मंडळाने अस्वलाची व्यवस्था केलेली आहे.

नरहरपंत अजून तिथेच आहेत. टिटवी शेजारी आहे. इंधन भरून तयार आहे. तळ्यात मधूनच एखादा बुडबुडा येतो. ते सावरून बसतात, म्हणतात, "आले वाटतं." मग बुडबुडा फुटतो.

यमुनाबाई रोज डबा आणतात. आता मात्र त्यांना तो द्यायला दर्शनाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

तात्पर्य: दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली असेल, तर ती कधीही परत करायला जाऊ नये. ती आपल्या माळ्यावर असते तोवर दुसरा आपली वाट बघतो. परत केली की आपल्याला त्याची वाट बघावी लागते. आणि वाट बघायची वेळ आलीच, तर अगदी शांत बसू नये. मधूनमधून खाजवत राहावं. नाहीतर लोक कुंकू लावतात.